डायव्ह वॉच घ्यायचंय, पण खिसा बघून

घड्याळांवरच्या या गप्पांमध्ये मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न आज घेऊ या. "पंचवीस हजारांच्या आत चांगलं डायव्ह वॉच कोणतं?" इंदूरहून हाच प्रश्न, बडोद्याहून हाच, हैदराबाद आणि बेळगावहूनही हाच. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी समुद्रात कधी बुडी मारलेली नाही आणि मारायचा विचारही नाही. त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. जीप घेणारे सगळे काही डोंगर चढायला जात नाहीत.

तरीही डायव्ह वॉच घेण्यामागे एक शहाणपण असतं. हे घड्याळ पाण्याला घाबरत नाही, अंधारात दिसतं, आपटलं तरी चालतं आणि लांबून एका नजरेत वेळ कळते. पावसाळ्यात स्कूटर चालवणाऱ्या, स्वयंपाकघरात हात ओले असणाऱ्या, घामाघूम होणाऱ्या माणसाला याहून वेगळं काय हवं? पण हे गुण त्या घड्याळात खरोखर असायला हवेत. बाजारात डायव्ह वॉचसारखी दिसणारी घड्याळं शेकड्यांनी आहेत आणि खरी फार थोडी. पैसे मोजके असतील तर फरक कळायलाच हवा.

आता हे प्रकरण आलं कुठून ते थोडक्यात. पाण्यात टिकणारी घड्याळं आधीपासून होती. रोलेक्सचं ऑयस्टर १९२६ चं. पण आज आपण ज्याला डायव्ह वॉच म्हणतो तो साचा १९५३ च्या आसपास ठरला. ब्लाँपाँचं फिफ्टी फॅदम्स आणि रोलेक्सचं सबमरीनर त्याच वर्षातली. काळी तबकडी, जाड चमकणारे काटे, आणि बाहेरून फिरणारी आकड्यांची कडी, म्हणजे बेझल. सत्तर वर्षं झाली, साचा तोच आहे. सायकलीसारखं आहे ते, फार बदलायला जागाच नाही.

बेझल शोभेसाठी नसते. पाणबुड्याच्या पाठीवर हवेची टाकी असते आणि किती खोलीवर किती वेळ राहायचं याचा हिशेब असतो. तो चुकला तर हवा संपते, किंवा वेळेपेक्षा जास्त खाली राहून भरभर वर आल्यामुळे रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात. म्हणून पाण्यात उतरताना बेझलवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवायचा. नंतर मिनिटकाटा बेझलवरच्या ज्या आकड्यावर असेल तितकी मिनिटं झाली. गणित करायला नको.

ही कडी एकाच दिशेला फिरते, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. का? समजा खडकाला हात घासला आणि कडी सरकली. ती उलट दिशेलाच सरकणार, म्हणजे त्रिकोण मिनिटकाट्यापासून आणखी लांब जाणार. मग घड्याळ तुम्हाला वीसऐवजी पंचवीस मिनिटं झाली असं दाखवेल. तुम्ही लवकर वर याल, जिवंत याल. कडी दोन्ही दिशांना फिरत असती तर वीसऐवजी पंधरा दाखवण्याचा धोका होता. एवढ्याशा कडीत केवढा विचार आहे बघा. घरी मी ती कुकरच्या शिट्ट्यांनंतर गॅस बारीक करून दहा मिनिटं मोजायला वापरतो, आणि पार्किंगचा तास मोजायला.

आता सगळ्यात गोंधळाचा विषय, मीटर. तबकडीवर ३० मीटर लिहिलंय म्हणून माणूस पोहायला जातो आणि काचेच्या आत धुकं येतं. मग दुकानदार सांगतो, "अहो, हात हलवला की दाब दसपट होतो." हे सर्रास सांगितलं जातं, पण हिशेब केला तर टिकत नाही. पाण्यात हात दर सेकंदाला ५ मीटर वेगाने मारला, म्हणजे ताशी १८ किलोमीटर, तरी त्यामुळे वाढणारा दाब साधारण सव्वा मीटर पाण्याइतका असतो. तीस मीटरचं घड्याळ एवढ्याने फुटायला नको.

मग पाणी शिरतं कसं? त्याचं कारण त्या आकड्यात दडलंय. साध्या जलरोधक घड्याळांसाठी आयएसओ २२८१० नावाचं मानक आहे. त्यात नमुना म्हणून काही घड्याळं तपासली तरी चालतात, आणि तीही कोरी करकरीत. तुमच्या हातातलं घड्याळ तीन वर्षांचं आहे. आतल्या रबराच्या रिंगा, म्हणजे गॅस्केट, कडक झाल्यात. चावी नुसती दाबून बसवलेली आहे, ती कधीतरी अर्धवट बाहेर राहते. आणि त्यावर तुम्ही गरम पाण्याने, साबण लावून अंघोळ करता. वाफ आणि साबणाचं पाणी साध्या पाण्यापेक्षा फटीतून सहज शिरतं. तीस मीटरच्या घड्याळात या सगळ्याला सामावून घ्यायला फारशी जागाच ठेवलेली नसते.

डायव्ह वॉचचं मानक वेगळं आहे, आयएसओ ६४२५. हे कडक आहे. किमान १०० मीटर हवेत. घोषित खोलीपेक्षा पाव पट जास्त दाबावर तपासणी, म्हणजे २०० मीटरच्या घड्याळाला २५० मीटरइतका दाब. आणि मुख्य गोष्ट, नमुन्याची नाही, प्रत्येक घड्याळाची पाण्याची तपासणी. शिवाय अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे, घड्याळ चालू आहे हे अंधारात कळलं पाहिजे, म्हणून सेकंदकाट्यावरही चमकणारा ठिपका असतो. खारं पाणी, धक्का, चुंबक, पट्ट्याची ताकद, सगळ्याची परीक्षा. हे सगळं पास झालं तरच तबकडीवर 'डायव्हर्स २०० मीटर' असं लिहिता येतं. नुसतं 'वॉटर रेझिस्ट २०० मीटर' लिहिलं असेल तर ते घड्याळ वाईट असं नाही, पण त्या कंपनीने या मानकाचा दावा केलेला नाही.

हौशी पाणबुड्याला किती खोल जायचं असतं? पहिल्या पातळीच्या परवान्याला १८ मीटर, पुढच्याला ३०, आणि हौशी डायव्हिंगची सर्वसाधारण मर्यादा ४० मीटर. तारकर्लीला, मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला किंवा अंदमानात हौसेने उतरणारा माणूस याच्या पुढे जात नाही. मग २०० कशाला? ती उरलेली जागा तुमच्या हलगर्जीपणासाठी आहे. म्हातारी झालेली रिंग, हिवाळ्यातून एकदम गरम पाण्यात जाणं, पूलमध्ये उडी. माझा ठोकताळा असा: ३० मीटर म्हणजे हात धुणं, ५० म्हणजे पाऊस, १०० म्हणजे पोहणं, आणि २०० आणि स्क्रूची चावी असेल तर समुद्र. ५०० किंवा १००० मीटर लिहिलेलं स्वस्त घड्याळ दिसलं तर आकड्याने भुलू नका. ते पैसे दुसरीकडे लागायला हवे होते.

स्क्रूची चावी म्हणजे बाजूची चावी नुसती दाबायची नसते, आट्यांवर फिरवून घट्ट बसवायची असते. ती बंद करताना एक सवय लावा. आधी किंचित उलटी फिरवा, आटे जागेवर बसल्याचा हलका खट्कन् आवाज होतो, मग सुलटी फिरवा. थेट जोर लावला तर आटे वाकडे बसतात, आणि वीस हजारांच्या घड्याळाचा जीव त्या दोन रुपयांच्या वाटणाऱ्या आट्यांवर असतो.

काचेबद्दलही दोन शब्द. साधी खनिज काच मोहच्या काठिण्यमापनात साधारण साडेपाच-सहाला असते. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू मुख्यतः क्वार्ट्झ, तिचं काठिण्य ७. म्हणजे वाळूत हात टेकला की काचेवर ओरखडा ठरलेला. सफायर काच ९ ला आहे, वाळूला दाद देत नाही. पण ती ठिसूळ असते, फरशीवर कडेने पडली तर तडकू शकते. सीको आपली कडक केलेली खनिज काच हार्डलेक्स नावाने वापरते. ती ओरखडते, पण मार सोसते. बजेटमध्ये सफायर मिळत असेल तर घ्या, नसेल तर त्यासाठी अडून बसू नका.

आणि अंधारात चमकणारं ते 'रेडियम'. आपल्याकडे आजही सगळे त्याला रेडियमच म्हणतात. एकेकाळी ते खरंच रेडियम होतं आणि तबकड्या रंगवणाऱ्या मुलींनी त्याची भयंकर किंमत मोजली. पुढे ट्रिशियम आलं, आणि १९९० च्या दशकात जपानच्या नेमोतो कंपनीने स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटवर आधारलेला, किरणोत्सर्ग नसलेला रंग आणला. आज सगळे त्याच घराण्यातले रंग वापरतात. दुकानात पारख सोपी आहे. मोबाइलचा टॉर्च दहा सेकंद मारा, दोन्ही हातांची ओंजळ करून आत बघा. काटे आणि ठिपके सारखेच उजळले पाहिजेत. डाग-डाग दिसले तर रंगकाम हलकं आहे.

आता घड्याळाचं पोट, म्हणजे यंत्र. ऑटोमॅटिक की सेलचं? हौशी मंडळींमध्ये सेलच्या घड्याळाला नाक मुरडायची पद्धत आहे. मला ती कधी पटली नाही. स्वस्त डायव्ह वॉचमध्ये सगळ्यात जास्त भेटणारं ऑटोमॅटिक यंत्र म्हणजे सीको गटाचं एनएच ३५. दणकट आहे, एकदा पूर्ण भरलं की साधारण ४१ तास चालतं, पण त्याची अधिकृत अचूकता दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद. महिन्याचा हिशेब तुम्हीच करा. सेलचं घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंद पुढे-मागे होतं. ज्याला वेळ पाहिजे त्याने सेलचं घ्यावं. ज्याला मनगटावर काहीतरी जिवंत धडधडतंय याची मजा आहे, त्याने ऑटोमॅटिक घ्यावं आणि सेकंदांची तक्रार करू नये.

पण सेलच्या घड्याळाची एक खरी अडचण आहे आणि तिच्याबद्दल कुणी फार बोलत नाही. सेल बदलायला मागचं झाकण उघडावं लागतं. माझ्या दाजींचं २०० मीटरचं घड्याळ होतं. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याने पाच मिनिटांत सेल बदलून दिला, आणि झाकण लावताना जुनी रिंग पिळली गेली. पुढच्याच रविवारी तलावावर पोहून आले तर काचेखाली थेंब. घड्याळाची पाटी २०० मीटरचीच होती, पण त्या दिवसापासून ते शून्य मीटरचं झालं होतं. म्हणून सेल बदलताना नवी रिंग, रिंगेला सिलिकॉन ग्रीस आणि दाबाची चाचणी, या तिन्ही गोष्टी मागायच्या. दाबाचं यंत्र नसलेल्या दुकानात समुद्रात न्यायचं घड्याळ उघडू देऊ नका. चाचणीचे वेगळे पैसे लागले तरी द्या.

याच जागी सिटिझनच्या इको-ड्राइव्हचं महत्त्व कळतं. तबकडीखालचा सौर पापुद्रा उजेडावर सेल भरतो, ट्यूबलाइटचा उजेडसुद्धा चालतो. वर्षानुवर्षं झाकण उघडावं लागत नाही, म्हणजे कारखान्यात बसवलेली सील कुणी छेडत नाही. प्रोमास्टर मालिकेतलं बीएन ०१५० हे त्यातलं डायव्ह वॉच: २०० मीटर, आयएसओ ६४२५ प्रमाणे, पूर्ण भरल्यावर अंधारातही सुमारे सहा महिने चालणारं. एकच घड्याळ घ्यायचं आणि विसरून जायचं असेल, तर माझं पहिलं बोट याच्याकडे जातं. काच खनिज आहे आणि दिसायला जरा सरकारी आहे, हे मान्य.

सिटिझनचंच दुसरं, ऑटोमॅटिक, एनवाय ००४०. याची चावी आठच्या आकड्याजवळ, म्हणजे डाव्या अंगाला आहे, मनगट वाकवलं की हाताच्या पाठीत रुतत नाही. जुन्या वळणाचं, जरा वेगळं दिसणारं घड्याळ आहे. आपल्या एचएमटीने १९६१ मध्ये बंगळुरात घड्याळं बनवायला सुरुवात केली ती याच सिटिझनच्या सहकार्याने. वडिलांच्या हातावर एचएमटी बघितलेल्यांना सिटिझन परकं वाटायचं कारण नाही.

दहा हजारांच्या आत म्हणाल तर एकच नाव, कॅसिओचं ड्यूरो. आधी एमडीव्ही १०६, आता १०७. दोनशे मीटर, स्क्रूची चावी, एकाच दिशेला फिरणारी बेझल, सेलचं यंत्र. बिल गेट्स यांच्या हातावर ते अनेकदा दिसलंय, म्हणून त्याचा गवगवा जास्त. पण ते नसतं तरी मी हेच सुचवलं असतं. तबकडीवर 'डायव्हर्स' लिहिलेलं नाही, काच साधी आहे, सोबतचा पट्टा राळेचा आणि कडक आहे. तो पट्टा काढून चांगला रबराचा घाला, घड्याळ दुप्पट किमतीचं वाटतं.

विसाच्या पुढे, तिसाच्या आसपास ओरिएंट. ओरिएंट ही सीको एप्सनच्या घरातली कंपनी. तिचं कामासू हे मॉडेल घ्या: २०० मीटर, सफायर काच, स्वतःचं एफ ६९२२ यंत्र, सुमारे ४० तासांचा साठा, व्यास ४१.८ मिलिमीटर. इथेही आयएसओचा दावा नाही. पण तबकडीचं काम इतकं देखणं की लग्नातही चालेल. बेझल जराशी सैल लागते आणि तिची कड बोटांना नीट पकडता येत नाही. ओल्या हातांनी फिरवायची झाली तर हे जाणवतं.

आणि सीको? इथे सावध राहा. सीकोचं एसकेएक्स ००७ हे १९९० च्या दशकातलं, आयएसओ मानकाचं, पिढ्यान् पिढ्या हौशी लोकांचं पहिलं डायव्ह वॉच. ते बंद झालं. २०१९ मध्ये आलेली सीको ५ स्पोर्ट्सची नवी घड्याळं अगदी तशीच दिसतात. तीच बाह्यरेषा, तीच बेझल. पण ती १०० मीटरची आहेत आणि चावी स्क्रूची नाही. कंपनीही त्यांना डायव्ह वॉच म्हणत नाही, म्हणतात ते विक्रेते आणि आपण. रोज वापरायला उत्तम, यंत्र जुन्यापेक्षा चांगलं, पोहायलाही हरकत नाही. फक्त समुद्रात नेण्यासाठी म्हणून घेऊ नका. सीकोचं खरं डायव्ह वॉच प्रोस्पेक्स मालिकेत मिळतं, आणि ते आपल्या बजेटच्या बाहेर जातं. जुनी एसकेएक्स आज आठवणींच्या भावाने विकली जातात. तेवढ्या पैशात नवं, हमीसह मिळत असताना मी घेणार नाही.

एक रशियन घड्याळ केवळ त्याच्या डोक्यासाठी सांगायलाच हवं. वोस्तोक अँफिबिया, १९६७ चं, चिस्तोपोल शहरातल्या कारखान्याचं. पाश्चात्त्य कंपन्यांसारखी महागडी सूक्ष्म यंत्रणा त्यांच्याकडे नव्हती. मग त्यांनी दाबालाच कामाला लावलं. जाड ॲक्रिलिकची काच पाण्याच्या दाबाने किंचित दबते आणि कडेला आणखी घट्ट बसते. मागचं झाकण फिरवून बसवायचं नाही, ते खाचेत नुसतं ठेवायचं आणि वरून वेगळी कडी आवळायची, म्हणजे रिंग पिळतच नाही. दाजींच्या घड्याळाचं दुखणं या लोकांनी तेव्हाच सोडवलं होतं. युक्रेन युद्धानंतर ते भारतात मागवणं कटकटीचं झालंय, म्हणून यादीत धरत नाही.

माझा भाचा हैदराबादेत नोकरी करतो. बोनसमधले पंचवीस हजार बाजूला काढले आणि मला फोन. "मामा, सीको ५ घेऊ की नको? एकदाच घेणार, मग घराचे हप्ते सुरू होतायत." मी विचारलं, घालून जाणार कुठे? म्हणाला, जानेवारीत अंदमानला डायव्हिंगचा कोर्स करायचाय, मित्रांनी ठरवलंय. मग प्रश्नच वेगळा झाला. कोर्समध्ये डाइव्ह कॉम्प्युटर असतो, खोली, वेळ, वर यायचा वेग सगळं तोच सांगतो. मनगटावरचं घड्याळ हे जोडीला, कॉम्प्युटर दगा दिला तर. त्या कामाला ड्यूरो पुरतं.

त्याला ते पटेना. "एवढे पैसे ठेवले आणि कॅसिओ घालू?" हौसेची बाजू मला कळते. मनाला न भावलेलं घड्याळ ड्रॉवरमध्ये जातं, मग ते कितीही शहाणपणाचं असो. म्हणून मी त्याला दुकानात जाऊन तिन्ही घालून बघायला सांगितलं: ड्यूरो, इको-ड्राइव्ह, कामासू. कामासूवर त्याचा जीव बसला, पण विकत घेतलं ड्यूरो, आणि उरलेले पैसे कोर्सच्या फीमध्ये घातले. कामासूसाठी दर महिन्याला हजार रुपये वेगळे ठेवतो. परवा विचारलं तर म्हणाला, "सात झाले, मामा."

हातावर घालून बघण्याचा आग्रह उगाच नाही. लोक व्यास बघतात, ४२ की ४४. खरं माप वरच्या शिंगापासून खालच्या शिंगापर्यंतचं असतं, जिथे पट्टा बसतो. एसकेएक्स ४२.५ मिलिमीटर रुंद असूनही लहान मनगटावर शोभायचं, कारण शिंगांमधलं अंतर सुमारे ४६ होतं. मनगटाच्या वरच्या सपाट भागाची रुंदी कागदाच्या पट्टीने मोजा. शिंगं त्याच्या बाहेर डोकावत असतील तर ते घड्याळ तुमचं नाही. बायकांनाही हाच नियम. डायव्ह वॉच पुरुषांचं असतं हा दुकानदारांचा समज आहे, मनगटाचा नाही.

आता खड्डे. 'फर्स्ट कॉपी' नावाने विकली जाणारी नक्कल घेऊ नका. नीतीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी तिच्यात रिंग आहे की नाही हेही कुणी सांगू शकत नाही. वेगळी गोष्ट म्हणजे नामांकित घड्याळांच्या वळणावर पण स्वतःच्या नावाने निघणारी चिनी घड्याळं, पगानी डिझाइन, स्टीलडाइव्ह, सॅन मार्टिन वगैरे. एनएच ३५ यंत्र, सफायर काच, सिरॅमिक बेझल, पैशाच्या मानाने माल भरपूर. पण परदेशातून पार्सल येताना त्यावर कस्टम ड्युटी आणि जीएसटी लागतो, तो धरूनच भाव करा. बिघडलं तर परत पाठवणं विसरा. एनएच ३५ चा एक फायदा मात्र आहे. बिघडलं तर दुरुस्त करण्याऐवजी अख्खं यंत्र बदलणं अनेकदा स्वस्त पडतं आणि कुठलाही जाणता घड्याळजी ते करू शकतो.

जुन्या घड्याळांच्या हौसेपायी इंटरनेटवर स्वस्तात चकचकीत 'विंटेज' सीको किंवा फेवर-ल्युबा दिसतील. फेवर-ल्युबा आपल्याकडे घराघरात माहीत असलेलं नाव, आणि त्यांनी १९६० च्या दशकात खोली मोजणारं बॅथी नावाचं अफलातून यांत्रिक घड्याळ काढलं होतं. पण आज हजार-दोन हजारांत मिळणारी बहुतेक घड्याळं पुन्हा रंगवलेल्या तबकडीची, इकडचे काटे तिकडची चावी अशी असतात. परदेशी संग्राहक त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. टेबलावर ठेवायला हरकत नाही. पाण्यात अजिबात नाही. पन्नास वर्षांचं कुठलंच घड्याळ, अस्सल असलं तरी, पाण्यात नेऊ नये.

पट्ट्याबद्दल हट्ट एकच, चामड्याचा नको. चेन्नई, गोवा, मुंबईच्या घामात तो सहा महिन्यांत वास मारू लागतो. रबर किंवा नायलॉन घ्या. एकाच लांब पट्टीचा नायलॉनचा जो पट्टा घड्याळाखालून जातो, तो ब्रिटिश लष्कराच्या १९७३ च्या मानकातून आलेला. त्यात एक पिन तुटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर लटकून राहतं, पाण्यात पडत नाही.

घेतल्यावरची निगा फार नाही. समुद्रातून आलात की चावी घट्ट आहे ना ते बघून गोड्या पाण्याखाली धरा आणि बेझल दोन वळसे फिरवा, नाहीतर खाली अडकलेली वाळू आणि मीठ तिला जाम करतात. पाण्यात असताना चावीला हात लावू नका. तारीख रात्री नऊ ते पहाटे तीनच्या मध्ये बदलू नका, तेव्हा तारखेचे दाते गुंतलेले असतात. ऑटोमॅटिक अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागलं तर घाबरू नका. बहुधा स्पीकर किंवा मोबाइलच्या चुंबकी कव्हरने ते चुंबकित झालंय, घड्याळजी दोन मिनिटांत उतरवून देतो. आणि वर्षातून एकदा, मेच्या शेवटी, पाऊस लागायच्या आधी, दाबाची चाचणी करून घ्या. जूनमध्ये सगळ्यांचीच घड्याळं दुकानात येतात, मग पंधरा दिवस थांबावं लागतं.